भिंतीपाशी उलटलेलं कासव

सांता रोसा, सांता क्रूस बेट
रविवार, ७ सप्टेंबर २००८

प्रिय न्यान्यो,

भावाला हाक मारायचा आपला हा शब्द इतक्या वर्षांनी लिहिताना हात अडखळला, पण लिहिला. तू, वहिनी आणि पोरगी खुशाल असाल. नाताळच्या कार्डावर तू तिचं नाव लिहितोस, वय लिहीत नाहीस, त्यामुळे माझ्या मनात ती अजून पाच वर्षांचीच आहे.

आम्ही इथे ठीक. नवऱ्याची, बोलिव्हारची, पाठ पुन्हा धरली आहे, तरी ऐकत नाही, दूध काढायला स्वतःच जातो. लाल गाय व्यायली. जूनपासून भुरभूर थांबलेली नाही; कपडे चुलीवर वाळवते, त्यामुळे आमच्या अंगाला सगळ्या सांता रोसाचा धूर येतो.

हे जाड पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, पापा जिवंत आहेत. डावा पाय मोडला आहे आणि गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर आहे. एक्क्याऐंशीव्या वर्षी हाड जुळायला वेळ लागेल म्हणतात. जीभ मात्र धड आहे. डॉक्टरलाच म्हणाले, "तू माझ्या नातवाच्या वयाचा, तुला माझं हाड काय कळणार?"

गेल्या महिन्यात तुझ्या दुकानात तीनदा फोन वाजला आणि कुणी बोललं नाही, ती मीच. तू "हॅलो" म्हणालास, मागे कुठेतरी चामडं ठोकल्याचा आवाज आला, आणि मी फोन ठेवला. कागदावर बरं असतं. कागद मध्येच "हॅलो? कोण?" विचारत नाही.

आता पाय कसा मोडला ते सांगते.

त्यासाठी आधी भिंत सांगायला हवी, कारण ती तू पाहिलेली नाहीस. तू गेलास त्याच वर्षी पापांनी बांधली, खालच्या कुरणाच्या कडेने, लाव्हाचे दगड एकावर एक रचून, एकट्याने. आपल्या जमिनीवर एकही कासव पाऊल टाकणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. दर जूनमध्ये कासवं खालून वर यायची, नेहमीच्या वाटेने, आणि भिंतीपाशी येऊन थांबायची. मग भिंतीच्या कडेकडेने चालायची. थेट पार टोकापर्यंत जाऊन परत यायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. गाईएवढा जीव, दिवसभर एकच भिंत हुंगत फिरतोय.

सहा वर्षांपूर्वी कॉफीच्या पिकाने दगा दिला. शेजारच्यांनी पाहुणे आणायला सुरुवात केली होती. बोटीवरून लोक येतात, गमबूट घालतात, कुरणात मोकळी हिंडणारी कासवं बघतात, जेवतात, जातात. मी पापांना विचारलं. म्हणाले, "मी मेल्यावर." मग ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ग्वायाकीलला गेले, तेव्हा मी आणि बोलिव्हारने भिंतीला दोन ठिकाणी खिंडारं पाडली. परत आले, नव्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या बाजूला पुन्हा कधी गेलेच नाहीत. पाहुण्यांची गाडी आली की मागच्या खोलीत रेडिओ घेऊन बसायचे. पाहुणे विचारायचे, "ते आजोबा कोण?" मी सांगायचे, "माझे वडील. लाजाळू आहेत." पापा आणि लाजाळू! बोलिव्हार तोंडावर हात धरून बाहेर पळायचा.

माझ्याकडे आता चाळीस जोड गमबूट आहेत. परदेशी लोकांचे पाय केवढे असतात, तू चांभारकामातला माणूस, तुला सांगायला नको.

तर ऑगस्टच्या एकोणीस तारखेला अकरा पाहुणे आले. गाईड हाइरो त्यांना घेऊन खाली गेला आणि मी सूप टाकायला घरात आले. हिरव्या केळ्यांचं, तुला आवडायचं ते. वीस मिनिटांत हाइरो धावत वर. चेहरा पांढरा. "सेन्योरा झोइला, तुमचे वडील भिंतीपाशी खड्ड्यात आहेत. आणि त्यांच्याजवळ एक कासव उलटं पडलंय."

मला वाटलं पापा रेडिओजवळ आहेत. रेडिओ चालूच होता.

गेले तर काय बघते! भिंतीची एक बाजू पावसाने ढासळली होती. एक मोठा नर तिथून चढायला गेला असणार, तोल जाऊन भिंतीमागच्या चरात उताणा पडला होता. चारही पाय हवेत. आणि पापा चिखलात बसलेले, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, पाठ त्या कासवाच्या कवचाला टेकवलेली. जोर लावून बसले होते, म्हणजे कासव अजून खाली घसरू नये. सकाळी सातपासून; त्याला सावरायला चरात उतरताना घसरून पाय मोडला होता. तेव्हा अकरा वाजले होते.

"पापा!"

"ओरडू नकोस," मला म्हणाले. "याला दम लागलाय."

हाइरो बिचारा नियमाचा पक्का. फोन काढून म्हणाला, "हात लावायचा नाही कुणी, आधी राष्ट्रीय उद्यानाच्या लोकांना कळवतो, ते तासाभरात—"

पापा म्हणाले, "तासाभरात हे मरेल. उताणं पडलं की त्याचंच वजन त्याच्या छातीवर बसतं. नियम! मी नियमासाठी दोन महिने कोठडीत बसलोय, पोरा, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. लाव हात! पुन्हा धरायला आले तर मला धरू देत, मी तसाही पळू शकत नाही."

हाइरोने फोन लावला, पलीकडच्या माणसाशी दोन वाक्यं बोलला आणि मग बाह्या सरसावल्या. पलीकडचा माणूस म्हणाला होता, थांबू नका. मग काय, अकरा पाहुणे, हाइरो, मी, बोलिव्हार (पाठीसकट), सगळे चरात. पेरूच्या झाडाचा एक ओंडका खाली घातला. एक चिलीची बाई होती, परिचारिका, तिने आधी पापांना बाजूला ओढून घेतलं आणि स्वतःच्या चालायच्या काठीने त्यांचा पाय बांधला. बाकीच्यांनी धक्का दिला. कासव फुस्स करून डोकं आत घेत होतं, एक जर्मन म्हातारा घाबरून चिखलात बसला, आणि तिसऱ्या जोराला ते वळलं. असा आवाज झाला की जमीन हलली.

पाच मिनिटं तसंच पडून राहिलं. मग मान बाहेर काढली, आमच्याकडे पाहिलंही नाही, आणि चार पावलांवरचं गवत खायला लागलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पापा रडत होते. पाय दुखत होता म्हणून, असं ते सांगतात.

आता मुख्य गोष्ट. प्लास्टर घालून घरी आणल्यावर चौथ्या दिवशी मला जवळ बसवलं आणि म्हणाले, "क्लेव्हेरला लिही."

मी तुझं नाव त्यांच्या तोंडून तेवीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"काय लिहू?"

"लिही की त्याने तेव्हा सांगितलं ते बरोबर केलं. मी त्याला घरभेदी म्हणालो होतो. ते मागे घेतो." मग म्हणाले, "तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी नव्हतो. ती श्वास कसा घ्यायची मला माहीत नाही. त्या खड्ड्यात चार तास त्या जनावराला टेकून बसलो, त्याचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. आत जाताना अडकायचा. मला वाटलं, अशीच घेत असेल ती. आणि असाच घेतला असेल मी मारलेल्या त्या कासवाने. लिही त्याला. ये म्हणावं."

हा निरोप. मी आठवडाभर लिहायला बसते आणि उठते. आज एवढं झालं. सूप उतू जातंय, उठते.

मंगळवार, ९ सप्टेंबर

वरचं वाचलं. सगळं खरं आहे आणि सगळं खोटं आहे.

हा निरोप मी तुला पाठवू शकत नाही, क्लेव्हेर, आणि का ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी हे कुणासमोर कधी शब्दांत मांडलं नाही. बोलिव्हारसमोरही नाही.

आईचा खोकला त्या मार्चपासून वाढला होता. बंदरातल्या औषधाने उतार नव्हता. पापांच्या आजीने त्यांना लहानपणी सांगितलेलं, कासवाच्या चरबीने छाती मोकळी होते, रश्श्याने अंगात जोर येतो. तू त्यांना गोठ्यात अडवलं होतंस. "आता दिवस बदललेत, पापा, कासव मारलं तर तुरुंग आहे, आणि चरबीने फुफ्फुस सुधारत नाही." ते म्हणाले, "मग तू सुधारव." एका पहाटे गेले आणि परत आले तेव्हा रक्त दिसू नये म्हणून सदरा उलटा घातलेला होता. आईने रस्सा प्यायला. कशाचा ते तिला कुणी सांगितलं नाही. दोन दिवस ती बरी वाटली, आठवतं? पापा त्या दोन दिवसांत शीळ घालत होते.

तेव्हा उद्यानाचा एक रक्षक दर गुरुवारी आपल्या टाकीवर पाणी प्यायला थांबायचा. फाउस्तो. मी एकोणीस वर्षांची होते. तो ज्वालामुखीच्या तोंडावर काढलेल्या रात्री सांगायचा, कासवांच्या मागावर चालत गेलेले दिवस सांगायचा. माझ्याकडे सांगायला काय होतं? कोंबड्या. मला फक्त एवढंच हवं होतं की त्याने अजून एक पेला पाणी मागावं. म्हणून मी म्हणाले, "आमच्याकडेही घडतात गोष्टी." आणि सांगितलं.

पापांचा राग म्हणून नाही, रे. कासवाची दया म्हणूनही नाही. तसं असतं तर मी आज ताठ मानेने लिहिलं असतं. एक लांब मानेचा मुलगा थोडा वेळ थांबावा म्हणून मी बापाला विकलं.

त्याने अर्धा पेला तसाच खांबावर ठेवला. म्हणाला, "हे तू मला सांगायला नको होतंस." आणि गेला. त्याने त्याचं काम केलं, त्याला मी दोष देत नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या बेटावर गेला.

शनिवारी पापांना पकडून नेलं. आई पाच आठवड्यांनी गेली. तिला आपण सांगितलं होतं की ते गुरं घेऊन गेलेत. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "गुरं एवढी लांब कुठे नेली?"

मग ते परत आले. दुधाच्या गाडीतून, दाढी वाढलेली. तू टेबलाशी बसून हिरवी केळी सोलत होतास. मी बशा पुसत होते. त्यांनी टोपीसुद्धा काढली नाही. "कुणी सांगितलं?" मग तुझ्याकडे वळले. "तू बोटीवर काम करतोस, उद्यानाच्या लोकांत ऊठबस तुझी. तूच मला अडवलं होतंस. तूच ना?"

तू माझ्याकडे पाहिलंस.

तुला कसं कळलं होतं मला माहीत नाही. खांबावरचा तो अर्धा पेला कदाचित तूच उचलला असशील. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी हातातल्या बशीकडे पाहिलं. मग तू केळं खाली ठेवून म्हणालास, "हो. मीच."

पट्टा त्यांनी भिंतीवरून काढला. तू हात वर केला नाहीस. मी तेव्हा मोजून सहा बशा पुसल्या. कोरड्या होत्या.

संध्याकाळी तू पिशवी घेऊन पायी उतरलास. त्यानंतर मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले. त्याला जायचंच होतं. त्याचा जीव बोटींत होता, बेट त्याला लहान पडत होतं, हे निमित्त झालं. तेवीस वर्षं ही गोष्ट मला पुरली. पण न्यान्यो, ज्याचा जीव बोटींत होता तो डोंगरांतल्या आंबातोला कशाला जाईल? आंबातोत कुठला आलाय समुद्र?

पापा मला दर रविवारी म्हणतात, "तू होतीस म्हणून मी जगलो." मी मान डोलावते आणि त्यांना कॉफी देते.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सांगितलं. काल दुपारी.

रेडिओवर फुटबॉल चालला होता. मी बंद केला. ते चिडले. मी म्हणाले, "पापा, क्लेव्हेरने नव्हतं सांगितलं."

"त्यानेच कबूल केलं होतं."

"माझ्यासाठी केलं. मी सांगितलं होतं. फाउस्तोला."

"कोण फाउस्तो?"

बघ. ज्याच्यासाठी घर मोडलं, त्याचं नावही त्यांना आठवत नव्हतं.

"पाणी प्यायला यायचा तो रक्षक."

"तो लांब मानेचा?"

"हो."

बाहेर कोंबडी ओरडत होती. ती ओरडायची थांबली तेव्हा त्यांनी विचारलं,

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"नाही."

"मी क्लेव्हेरला मारलं तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच. बशा पुसत होते."

"थांबवलं नाहीस."

"नाही."

मला वाटलं ओरडतील. मला तेच हवं होतं. ते म्हणाले, "रेडिओ लाव." मी लावला. खेळ संपला होता, कुणीतरी साबणाची जाहिरात करत होतं. ते ती ऐकत राहिले.

रात्रीचं जेवण माझ्या हातून घेतलं नाही. बोलिव्हारला हाक मारली. आज सकाळीही तसंच. बोलिव्हारला मी रात्रीच सगळं सांगितलं. तो बराच वेळ पायातला मोजा हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "तू एकोणीस वर्षांची होतीस." मी म्हणाले, "वीसचीही झाले की नंतर. तिसाचीही झाले." त्याने मोजा बाजूला ठेवला आणि माझ्याजवळ आडवा झाला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सोमवारी पापांनी बोलिव्हारला बोलावून हुकूम सोडला, भिंत पाडायची. खिंडारं नाहीत, सगळी. दोघे शेजारी आले, तीन दिवस काम चाललं. पापांनी पलंग खिडकीशी ओढायला लावला आणि तिथून ओरडत होते, "तो कोपरा राहिला! दगड तिथेच टाकू नकोस, गाढवा, त्यांच्या पायात येतील!" शेजारी पापांना म्हणाला, "सेन्योर आमादोर, बांधताना आम्हाला बोलावलं नाहीत, पाडताना बरी आठवण झाली." पापा म्हणाले, "बांधताना मला कुणाची अक्कल नको होती."

काल दुपारी पहिलं कासव आलं. जुन्या सवयीने जिथे भिंत होती तिथे थांबलं. खूप वेळ थांबलं. मग एक पाऊल टाकलं, पुन्हा थांबलं, आणि चालत आपल्या लिंबाच्या झाडांपर्यंत आलं. बोटीचे पाहुणे होते, ते फोटो काढत होते. पापा खिडकीतून बघत होते. कुणी म्हणालं, आजोबा, हसा. हसले नाहीत, पण रेडिओकडेही वळले नाहीत.

आज सकाळी सात दिवसांनी मला हाक आली. "झोइला. कॉफी." माझ्याकडे न बघता घेतली. प्यायले. मग विचारलं, "पत्र गेलं?"

"नाही."

"वाच."

मी वाचलं. सगळं, पहिल्या ओळीपासून. माझा आवाज जिथे गेला तिथे ते थांबले, मी पुन्हा सुरू करेपर्यंत. दोन चुका काढल्या. एक म्हणजे कासव खड्ड्यात पडलं त्या दिवशी ते सातला नाही, सहाला गेले होते. आणि कासव उलटलेलं बघून नाही गेले, आधीच गेले होते. गेली दोन वर्षं ते रोज पहाटे, आम्ही उठायच्या आत, तिथे जाऊन बसायचे. आम्हाला पत्ता नव्हता.

दुसरी चूक. "पट्टा नव्हता," म्हणाले. "घोड्याचा दोर होता. ओला. पट्टा लिहू नकोस, पट्ट्याने कमी लागतं. दोर लिही."

म्हणून लिहिते. दोर होता.

त्यांनी मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तुलाही विचारत नाही. तू एका शब्दाने मला घर दिलंस आणि स्वतः त्यातून बाहेर गेलास, आणि मी त्या घरात तेवीस वर्षं चांगली मुलगी म्हणून जगले. ते परत देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. फक्त तू स्वतःवर घेतलेला आळ मी परत माझ्या अंगावर घेते. इथे आता सगळ्यांना माहीत आहे. हाइरोलासुद्धा सांगितलं. तो ऐकून गमबूट धुवायला लागला.

शेवटी मी पापांना विचारलं, "तुमच्याकडून काय लिहू? आधीचा निरोप तर आता चालायचा नाही."

तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "जागा सोड."

"किती?"

"दोन पानं सोड. आणि लिही की ती चुकून राहिलेली नाहीत. तो इथे आला की मी भरतो. नाही आला तर हा पाय जुळू दे, मी येतो."

बोलिव्हार बंदरात निघालाय, गाडी सुरू करून हॉर्न वाजवतोय. यामागची दोन कोरी पानं पापांची आहेत.

मी सांगितलं होतं. तू नाही.

तुझी बहीण,
झोइला